पंधरा वर्षांच्या मुलाची श्रद्धा आणि घराचा वाटा

ताई, इतर वाचकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी देतो. तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहता. मुलगा पंधरा वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे आणि मुलगी बारा वर्षांची आहे. परवापरवापर्यंत चर्चच्या संडे स्कूलला आनंदाने जाणारा मुलगा आता रविवारी सकाळी उठत नाही, रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मोबाइल मांडीवर ठेवून बसतो आणि एके रात्री त्याने सर्वांसमोर विचारले, "देव आहे हे तुम्हाला कशावरून माहीत?" त्यावर सासूबाई संतापल्या, यजमान काहीच बोलले नाहीत आणि तुम्हाला रडू आले. यजमान कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि चर्चला मुख्यतः नाताळात व पुनरुत्थानाच्या रविवारी येतात. मुलाची आध्यात्मिक वाढ व्हावी म्हणून त्याला कोणते पुस्तक द्यावे, कोणत्या शिबिराला पाठवावे आणि यंदाच त्याचे दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने मुलाने स्वतः देण्याचा विधी, करून घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

या तिन्ही गोष्टींबद्दल पुढे लिहितोच. परंतु पुस्तक, शिबिर आणि दृढीकरण ही साधने घराबाहेरची आहेत, आणि तुम्ही सांगितलेले बहुतेक प्रसंग मात्र घरातले आहेत. म्हणून मला खरा प्रश्न वेगळा वाटतो: तुमच्या घरात जी भक्ती चालते, तिच्यात या मुलाला नेमके काय काम आहे? बसणे, ऐकणे आणि शेवटी "आमेन" म्हणणे याखेरीज तुमच्या लिहिण्यात मला तरी काही दिसले नाही. आठ वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. पंधराव्या वर्षी मुले आजीचे वीजबिल मोबाइलवर भरतात, धाकट्या भावंडाला गणित शिकवतात, घरातले इंटरनेट बंद पडले तर दुरुस्त करतात. त्या वयात फक्त भक्तीपुरते त्यांना पुन्हा लहान मूल केले, तर ती तिथून मनाने उठून जाणारच. मी माध्यमिक शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, बरीच वर्षे तरुण संघ व दृढीकरणाचा वर्ग पाहत आलो आहे. जी मुले पुढे विश्वासात टिकली, त्यांच्यातली हुशार किती, शांत किती, पाठांतरात पहिली किती, याचा मला काही मेळ लागलेला नाही. मात्र त्यांच्यावाचून अडेल असे काहीतरी काम घरात किंवा मंडळीत त्यांच्या हाती होते, हे मला पुन्हापुन्हा दिसले आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. मी तुमच्या मुलाला पाहिलेले नाही. तुमची मंडळी बाल-बाप्तिस्मा मानणारी आहे, असे दृढीकरणाच्या उल्लेखावरून मी गृहीत धरतो. ज्या मंडळ्यांत समज आल्यावर बाप्तिस्मा देतात, तिथल्या पालकांनी पुढचा तो भाग बाप्तिस्म्याला लावून वाचावा. मुलाच्या वागण्यामागे चर्चमध्ये किंवा शाळेत घडलेला एखादा प्रसंग असेल, तर उत्तराचा क्रमच बदलेल. म्हणून पहिले काम कारण शोधण्याचे आहे.

माझ्या अनुभवात चौदा ते सोळा या वयात मुले उपासनेला येणे थांबवतात, तेव्हा कारण देवाविषयीच्या शंकेचे असतेच असे नाही. पुष्कळदा ते अगदी साधे असते. आपल्या बऱ्याच मंडळ्यांत संडे स्कूल आठवी-नववीला संपते आणि तरुण संघात बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षाची, नोकरीला लागलेली मुले असतात. मधल्या मुलाला इकडे बाकावर बसवत नाही आणि तिकडे कोणी विचारत नाही. दुसरे कारण भाषेचे असते. इंग्रजी माध्यमातला मुलगा घरात मराठी उत्तम बोलतो, पण मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्याने वाचायला दिले की जोडाक्षरांपाशी अडखळतो. एखादी चुलत बहीण हसते, एखादे काका "मराठी असून मराठी येत नाही" असे म्हणतात, आणि त्या दिवसापासून तो वाचनाची वेळ आली की पाणी प्यायला उठतो. घरच्यांना वाटते की त्याला वचनाची गोडी उरली नाही. तिसऱ्या प्रकारात मुलाला खरोखरच प्रश्न पडलेला असतो. तुमच्या मुलाचा प्रश्न या प्रकारचा असू शकेल, किंवा पहिल्या दोन प्रकारच्या अवघडलेपणातून तो रागाने बाहेर पडलेला असेल. समोर बसवून "तुला झालंय तरी काय?" असे विचारले, तर उत्तर मिळणार नाही. दुचाकीवर मागे बसलेला असताना, भाजी आणायला बरोबर चाललेला असताना, म्हणजे नजरेला नजर देण्याची सक्ती नसताना ही मुले बोलतात. तेव्हाही एकच प्रश्न विचारावा आणि पुढे गप्प राहावे.

आता कौटुंबिक प्रार्थनेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या हातात ताबडतोब असलेली गोष्ट हीच आहे. आपल्या घरांतील रात्रीची प्रार्थना बहुधा अशी असते: एक गीत, एक अध्याय, मग घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीची लांब प्रार्थना. त्या प्रार्थनेत कधी कधी उपदेश शिरतो. "हे प्रभो, या लेकराला सुबुद्धी दे, त्याचा मोबाइलचा नाद सोडव, त्याला अभ्यासाची गोडी लाव." देवाशी बोलण्याच्या निमित्ताने मुलाला दिलेला हा दम असतो आणि तो मुलाला लगेच कळतो. शिवाय त्याला उत्तरही देता येत नाही, कारण सगळ्यांनी डोळे मिटलेले असतात. तुमच्या घरी असे होत असेल, तर ते आजपासून बंद करावे, एवढे मी ठामपणे सांगेन. मुलासाठी प्रार्थना जरूर करा, पण ती एकांतात करा. त्याच्यासमोर त्याच्याविषयी करायची असेल, तर त्याने स्वतः सांगितलेल्या गरजेसाठी करा.

त्याऐवजी काय करावे? यजमानांची पाळी लक्षात घेता रोजचा आग्रह सोडून आठवड्यातील तीन रात्री ठरवा, पण त्या रात्री सगळे असतील असे पाहा. प्रार्थना दहा-बारा मिनिटांत आटोपा. चालवण्याची पाळी लावा: एक रात्र आजीची, एक तुमची, एक मुलाची; मुलगी पुढच्या आठवड्यात, आणि यजमान त्यांना वाटेल तेव्हा. ज्याची पाळी त्याने उतारा निवडायचा, गीत निवडायचे, कोण काय करील ते सांगायचे, आणि इतरांनी त्यात सुधारणा सुचवायच्या नाहीत. त्याने दोन ओळींचे स्तोत्र निवडून चार मिनिटांत प्रार्थना संपवली, तरी "एवढंच?" असे म्हणायचे नाही. यात नवे काही नाही. अनेक कॅथलिक घरांत रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, पाच दशके (दहा-दहा प्रार्थनांचे भाग) घरातली माणसे वाटून घेतात आणि शाळकरी मुलेही आपले दशक चालवतात. प्रॉटेस्टंट घरांत मात्र आपण सगळा भार एका व्यक्तीवर टाकतो आणि बाकीच्यांना श्रोते करून ठेवतो.

उतारा निवडायला सुचत नसेल, तर मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूच्या चरित्राचे पुस्तक, घ्यावे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, सोळा अध्यायांचे, आणि त्यातले प्रसंग इतक्या वेगाने पुढे सरकतात की या वयाच्या मुलांना ते कंटाळवाणे होत नाही. एका वेळी एकच प्रसंग वाचा. मुलाला त्याच्या इंग्रजी बायबलमधून वाचू द्या आणि तोच भाग आजींनी मराठीतून वाचावा. सोप्या मराठीतील भाषांतरे आता मोबाइलवरही मिळतात, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी घरात एकच मोबाइल सुरू ठेवावा, तो मुलाच्या हातात असावा आणि त्यावर त्याने वाचन काढून द्यावे. बाकी सगळ्यांचे मोबाइल, यजमानांचाही, दुसऱ्या खोलीत ठेवावेत. मोबाइलबद्दल याहून अधिक काही मला सांगायचे नाही. जो नियम मोठ्यांना लागू नाही, तो मुले नियम मानत नाहीत. गीतांचेही तसेच करा. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातले एक गीत आजींच्या आवडीचे घ्या आणि एक मुलाच्या आवडीचे, मग ते हिंदी असो वा इंग्रजी. त्याला गिटार किंवा कीबोर्ड येत असेल, तर आजींच्या गीताला साथ करण्याचे काम त्याचे. ना. वा. टिळकांसारख्या मराठी ख्रिस्ती कवींनी उपासनेत भजन आणि कीर्तन रुजवले, तेव्हा त्या काळच्या मंडळीला ते नवेच होते. आज आपण ज्याला जुनी, पवित्र परंपरा म्हणतो, ती त्या काळातली नवी चाल होती, हे मोठ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

वाचन झाल्यावर "यातून आपण काय शिकलो?" असे विचारू नका. त्याचे उत्तर संडे स्कूलपासून मुलांना पाठ असते. "यात काय खटकले?" असे विचारा, आणि आधी तुम्ही स्वतः उत्तर द्या. मग प्रत्येकाने आपली एक गरज सांगावी. मोठ्यांच्या गरजा खऱ्या असाव्यात: कामावर साहेबांशी झालेला वाद, घराच्या कर्जाचा हप्ता, नणंदेशी महिनाभर बंद असलेले बोलणे. आपल्या आईला देवाची गरज नेमकी कुठे पडते, हे मुलाला तोपर्यंत माहीतच नसते; त्याला केवळ आई प्रार्थना करते एवढे माहीत असते.

आता त्याच्या प्रश्नाकडे येतो. "देव आहे हे तुम्हाला कशावरून माहीत?" या वाक्यातला "तुम्हाला" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. देव आहे का, असे त्याने विचारलेले नाही. तुम्हाला कशावरून माहीत, असे विचारले आहे. त्याला सृष्टिरचनेचे पुरावे नको असावेत. पुरावे आणि त्यांचे खंडन, दोन्ही त्याला यूट्यूबवर हवे तितके मिळते. त्याला तुमची साक्ष हवी आहे, आणि चर्चमध्ये साक्ष देताना वापरतो त्या ठरीव भाषेतली नको आहे.

बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना आणि वाटेने चालत असताना त्याविषयी बोलत जा, अशी आज्ञा आहे. ती आपल्या सर्वांना ठाऊक असते. त्याच अध्यायात पुढे, विसाव्या वचनापासून, आपण फारसा न वाचलेला भाग आहे. पुढे तुझा मुलगा तुला विचारील की या आज्ञांचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग की आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) फारो राजाचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला तिथून बाहेर काढले. मुलगा प्रश्न विचारणार हे तिथे गृहीतच धरलेले आहे, आणि उत्तर म्हणून सांगायचा आहे तो घराण्याचा इतिहास.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत हा इतिहास सांगितला जात नाही, याची मला खंत वाटते. नगर, जालना, सोलापूर या भागांतून पुण्या-मुंबईला आलेल्या कितीतरी कुटुंबांतील मुलांना, आपल्या घरात पहिला बाप्तिस्मा कोणी आणि का घेतला, हे ठाऊक नसते. शाळेत मात्र कोणीतरी त्यांना सुनावतेच, की तुमच्या पणजोबांनी धान्यासाठी धर्म बदलला. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे ऐकलेले मूल घरी येऊन काही बोलत नाही. रविवारी उठणे तेवढे बंद करते. अशा मुलाला खरे काय ते सांगायला हवे आणि ते पूर्ण सांगायला हवे. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटी पुन्हा पडलेले दुष्काळ भयंकर होते. त्या काळात मिशनांनी अन्न दिले, अनाथ मुलांना आसरा दिला, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळात होरपळलेल्या स्त्रिया आणि मुली मोठ्या संख्येने आणल्या. भूक होती, ही लाजेची गोष्ट नाही. त्याबरोबर जातीमुळे वाट्याला आलेला अपमान होता, शाळेत बसू देणारे कोणीतरी भेटले होते, आणि या सगळ्यात येशू ख्रिस्ताची ओळखही होती. यांपैकी एकच गोष्ट खरी आणि बाकीच्या खोट्या, असे कोणत्याही माणसाच्या आयुष्यात नसते. दुष्काळ संपून कितीतरी पिढ्या लोटल्या, तरी घराने विश्वास सोडला नाही, हेही त्याच इतिहासात येते. तुमच्या घराचा इतिहास याहून निराळा असेल. तो जो असेल तो सांगा.

इथे सासूबाईंचे महत्त्वाचे काम आहे. त्या रात्री त्या संतापल्या, कारण नातवाने आपल्या आयुष्याचा आधारच खोटा ठरवला, असे त्यांना वाटले असणार. त्यांना बाजूला घेऊन सांगा की नातू त्यांच्याकडूनच काही ऐकू पाहतो आहे. एखाद्या दुपारी मुलाला त्यांच्याजवळ बसवा आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला सांगा: त्यांचे बालपण, त्यांच्या आईवडिलांचा विश्वास, लग्नानंतरची वर्षे, देवावर रागावल्या होत्या ते दिवस. ते दिवस वगळू नका. तेरावे स्तोत्र "हे परमेश्वरा, कुठवर?" अशा अर्थाच्या आक्रोशाने सुरू होते. मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप एकाच श्वासात "मी विश्वास ठेवतो" आणि "माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा" असे म्हणतो, आणि प्रभू येशू त्याच्या मुलाला बरे करतो. येशूच्या पुनरुत्थानाबद्दल शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला इतर शिष्यांनी बाहेर काढले नव्हते. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून तर त्याची प्रभूशी भेट झाली. तुमच्या मुलानेही प्रश्न तुमच्यात बसूनच विचारला, ताई. ज्या मुलांनी मनातून सगळे सोडलेले असते, ती घरी प्रश्न विचारत नाहीत.

सासूबाई "छडी आवरू नये" या अर्थाचे नीतिसूत्रांतले वचन काढतील, अशी शक्यता आहे. त्यांना कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय दाखवा. मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील, असे प्रेषित पौल तिथे बापांना बजावतो.

थोडक्यात, इथवर मी तीन गोष्टी सांगितल्या: कारण शोधा, प्रार्थना लहान करून तिचा कारभार मुलाच्याही हाती द्या, आणि त्याच्या प्रश्नाला घराच्या इतिहासाने उत्तर द्या. आता यजमानांकडे वळतो.

पुष्कळ घरांत आध्यात्मिक बाजू आईने सांभाळायची आणि वडिलांनी नाताळला नवा शर्ट घालून यायचे, अशी न बोलता झालेली वाटणी असते. मुलगा वयात येऊ लागला की तो याचा अर्थ लावतो: भक्ती हे बायकांचे आणि लहान मुलांचे काम आहे. यजमानांना प्रार्थना चालवायचा आग्रह करू नका; ज्या माणसाने कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही, त्याला मुलांसमोर ती करायला लावणे म्हणजे त्याला पळवून लावणे आहे. त्यांना दोनच गोष्टी मागा. कामाची पाळी नसेल त्या रात्री त्यांनी नुसते येऊन बसावे, आणि मुलाने कधी विचारले तर खरे सांगावे, म्हणजे "मलाही पुष्कळ गोष्टी कळत नाहीत" असे असले तर तेही. त्या रात्री ते गप्प राहिले, ते कदाचित मुलाचा प्रश्न त्यांचाही असल्यामुळे. तसे असेल, तर बापलेकांना एकत्र बोलण्याजोगा विषय मिळाला आहे.

आणि त्यांनी मुळीच साथ दिली नाही, तर? तरीही तुमचे काम निष्फळ ठरत नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो. वडिलांविषयी प्रेषितांच्या कृत्यांत एवढीच नोंद आहे की ते हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होते. त्यांच्या विश्वासाबद्दल एक शब्दही नाही. तीमथ्याच्या आयुष्यात पुढे पौल आला, आणि त्याने त्या तरुणाला आपल्याबरोबर कामाला नेले.

हाच मुद्दा मला मंडळीच्या संदर्भात मांडायचा आहे. या वयात मुलांना आईवडिलांखेरीज आणखी एका प्रौढ विश्वासू माणसाची गरज असते. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्याने दिलेले उत्तर मरीया आणि योसेफ यांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो, आणि तरीही तो त्यांच्याबरोबर नासरेथास जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. घराबाहेरच्या माणसांशी बोलल्याने मूल घरापासून तुटतेच असे नाही. तुमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटून सांगा की मुलाला बोलायला कोणीतरी हवे आहे. तो माणूस मोठा वक्ता नसला तरी चालेल. महिन्यातून एखाद्या वेळी मुलाबरोबर चहा घेईल आणि त्याचे बोलणे ऐकून घेईल, एवढे पुरे. मात्र भेटी उघड्यावर, इतरांच्या नजरेच्या टप्प्यात आणि तुमच्या माहितीने व्हाव्यात. माणूस कितीही ओळखीचा आणि भक्तिमान असला, तरी हा नियम सोडू नका.

पाळकसाहेबांना आणखी एक मागा: मुलासाठी काम. ध्वनियंत्रणा सांभाळणे, पडद्यावर गीतांचे शब्द लावणे, मे महिन्यातील सुट्टीच्या बायबल शाळेत लहान मुलांचे खेळ घेणे, सुगीच्या सणाला आलेल्या वस्तूंची मांडणी आणि लिलावाचा हिशेब, नाताळच्या आधी घरोघरी जाणाऱ्या कॅरल पार्टीचा मार्ग ठरवणे. ही कामे वरवर आध्यात्मिक दिसत नाहीत, म्हणून पालक नाक मुरडतात. पण ज्या मुलाला सकाळी साडेआठला माइक तपासायचा असतो, तो उठतो. पहिले काही महिने तो माइकसाठी येईल, येऊ द्या. उपासना त्याच्या कानावर पडतच असते.

दहावीच्या वर्षाबद्दल एक कटू गोष्ट सांगतो. रविवारी सकाळी क्लासची चाचणी असली की आपण उपासना सहज चुकवू देतो, आणि उपासनेसाठी क्लास मात्र कधीच चुकवू देत नाही. घरात अधिक महत्त्वाचे काय आहे, हे मुलाला त्यातून कळते. पुढे कितीही सांगितले तरी ते पुसले जात नाही. परीक्षेच्या आधीच्या एकदोन महिन्यांत सवलत द्यावी, पण ती आधी ठरवून आणि त्याच्याशी बोलून द्यावी, आणि त्या काळात घरातल्या छोट्या प्रार्थनेची त्याची पाळी चालू ठेवावी.

दृढीकरणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: यंदा घाई करू नका. त्या विधीत मुलगा सर्व मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने वचने देतो, आणि मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात. बाप्तिस्म्याच्या वेळी जे त्याच्या वतीने बोलले गेले, ते आता तो स्वतः बोलतो, हाच त्या विधीचा अर्थ आहे. "देव आहे कशावरून" असे विचारणाऱ्या मुलाकडून नातेवाइकांसाठी, जेवणावळीसाठी किंवा त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांचे होते आहे म्हणून ती वचने वदवून घेतली, तर चर्चमध्ये खोटे बोललेले चालते, एवढेच तो शिकेल. परीक्षा संपल्यावर त्याने वर्गाला यावे, आणि वर्गाला आला म्हणजे विधी घ्यायलाच हवा असे नाही, हे पाळकसाहेबांनी त्याला स्वतः सांगावे. माझ्या वर्गातील काही मुलांनी एक वर्ष थांबणे पसंत केले आणि ते त्यांच्या हिताचेच झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे त्या घराला फार जड गेली, परंतु लक्ष्मीबाईंचा निर्णय शेवटी त्यांचा स्वतःचा होता, आणि म्हणूनच पुढे त्यांचा विश्वास पतीच्या मागेही टिकला.

शिबिर चांगले, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथून मुले भारावून येतात आणि महिन्याभरात तो भर ओसरतो; घरी परतल्यावर करायला काही नसेल तर लवकरच ओसरतो. पाठवण्यापूर्वी आयोजकांना विचारा की शिबिरानंतर मुलांशी कोण संपर्कात राहणार आहे, मुक्कामी मुलामुलींची सोय कशी आहे आणि जबाबदार प्रौढ कोण आहेत. या प्रश्नांचा ज्यांना राग येतो, त्यांच्याकडे पाठवू नका. पुस्तकाबद्दल म्हणाल, तर तूर्त मार्काचे शुभवर्तमान पुरेसे आहे. बाकीची पुस्तके त्याने मागितली की द्या.

एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. मुलाचे चर्चमधले मन उडाले आहे की सगळ्यातलेच, हे नीट पाहा. तो क्रिकेट, मित्र, जेवण यांतूनही मन काढून घेत असेल, झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तो प्रश्न भक्तीचा समजू नका आणि कोणी दुष्टात्म्याची बाधा वगैरे म्हणाले तर ऐकू नका. डॉक्टरांना दाखवा. शासनाच्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत सल्लाही मिळतो. उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे, हे घरात मोठ्याने सांगण्याची वेळ आली, तर ते तुम्ही सांगा.

राहिली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, की ती मात्र सगळे व्यवस्थित करते. तिच्याशी तुलना करून मुलाला बोलणे थांबवा. त्याने तो भक्तीपासून जितका दूर जाईल तितकाच बहिणीपासूनही जाईल. आणि तिची घडी बसली आहे असे समजून तिला सोडूही नका. शहाण्या मुलींना प्रश्न पडत नाहीत असे नाही, आई आधीच दुःखी आहे म्हणून त्या ते गिळतात. प्रार्थनेच्या पाळीत पुढच्या आठवड्यात तिचे नाव येते आहे. त्या रात्री काय खटकले, हे तिलाही विचारा, आणि भावाने मध्येच तिचे बोलणे तोडले तर त्याला थांबवा.